सोळाव्या दिवशीच्या धुराची बखर

श्री अष्टभुजा जगदंबा, जिचे आठही हात उगारलेले आणि आठही हाती शस्त्रे, तरी जिच्या पायरीवर रांगते लेकरू निर्धास्त बसते आणि वर पाहून हसते, त्या माउलीस आधी दंडवत, मग ज्या राज्यात ही गोष्ट घडली त्या राज्यास, ज्याचे नाव लिहावयाची आज्ञा नाही, मग ऐकणारांस. शके सतराशे बारा, साधारणनाम संवत्सर, ते साली राज्यात धान्य पिकले होते, सीमेवरील शत्रू नरम होता, आणि सरकारांस दुसरा उद्योग नसल्याकारणे त्यांनी मारहाणीच्या गुन्ह्यांची प्रतवारी लावावयाचे मनावर घेतले. त्यापूर्वी कोतवालाच्या मर्जीवर काम चाले, एकास थोबाडीत मारली म्हणून हद्दपार केले आणि दुसऱ्यास जबडा मोडला तरी नुसते रागे भरून सोडिले, ऐसा गोंधळ. म्हणोन सरकारांनी बारा शास्त्री बसविले, आणि चाळीस दिवस खल होऊन ठरले की, मारणे हा एकच जिन्नस नव्हे, मारण्यास पायऱ्या आहेत, आणि गुन्हेगार ज्या पायरीवर उभा असेल त्या पायरीची शिक्षा त्यास व्हावी. कोणी नुसते तोंडाने बोलेल, ते बोलणे कितीही ओखटे असो, तो हल्ला नव्हे. कोणी हात उगारील आणि समोरच्यास वाटेल की आता हा मारतो, तो हल्ला, ती पहिली पायरी, मग हात अंगास लागो न लागो. हात लागला, धक्का दिला, ओढले, परंतु दुखले खुपले नाही, ते बळ, ती दुसरी. दुखले, ती साधी दुखापत, ती तिसरी, तीस दोन महिने कैद. आणि चौथी जबर दुखापत, तिचे प्रकार आठ, नववा नाही, तीस सात वर्षे गडावर कैद आणि सुटल्यावर त्या पेठेत पुन्हा पाय ठेवणे नाही. हत्याराने मारले तर पायरी वर चढे, समोरच्याने एकाएकी राग आणविला असेल तर खाली उतरे. कायदा चांगला होता हे लिहिलेच पाहिजे; बहुतांस त्याने न्याय मिळाला. आणि जखमा पाहून पायरी ठरवावी म्हणोन चावडीवर जखमनवीस ऐसा नवा हुद्दा निघाला, त्यावर सखोपंत म्हणोन साठीचे गृहस्थ नेमिले, ते सुताने जखम मोजीत, आणि सूत तोडून फिर्यादीच्या कागदास बांधून ठेवीत.

ते समयी राजधानीत पागेच्या मागे नोकर लोकांची एक ओळ होती, घरे सरकारची, भिंतीस भिंत, मध्ये सामाईक अंगण. त्या ओळीत आवडाबाई राहत असे. तिचा नवरा हिरोजी सरकारी तंबू ठोकणारा, तो दक्षिणेस मोहिमेवर गेला होता, आणि आवडा घरी बसून पागेची खोगिरे शिवी, आणि तिला नऊ महिन्यांची लेक होती, ठकी. ठकी रांगावयास लागली तेव्हापासून आवडेचा जीव थाऱ्यावर नव्हता. उंबऱ्यावर पाट आडवा लावी, चुलीभोवती परात उभी करी, आणि शिवताना एका पायाच्या अंगठ्यास दोरी आणि दोरीचे दुसरे टोक लेकीच्या कमरेस, ऐशी बसे. तिच्या भिंतीपलीकडे रायाजी नालबंद राहत असे. घोड्यांस नाल ठोकण्यात त्याचा हात धरणारा राज्यात नव्हता, हे त्यास ठाऊक होते आणि पागेसही ठाऊक होते. तो पुढे अंगणातल्या खुंटास घोडी बांधून काम करी, आणि खुंट आवडेच्या दारापासून चार हातांवर. त्यांत एक अबलख घोडी लाथाळ होती. आवडा नुसत्या टापेवरून ओळखी की आज तीच आली आहे, आणि सुई टोचून ठेवून लेकीस उचलून आत नेई.

ज्येष्ठ मासी एके दिवशी ती बाहेर येऊन रायाजीस म्हणाली, “दादा, ही घोडी तेवढी पलीकडच्या खुंटास बांधा. पोरगी रांगते आहे.” रायाजी टाप मांडीवर घेऊन बसला होता, त्याने वर पाहिले नाही. म्हणाला, “खुंट काय तुझ्या बापाने रोवला? पोर आवरत नसेल तर पाळण्यास बांध.” ती म्हणाली, “लेकराला कळते का ते? एक लाथ बसली तर उरेल काय?” तो म्हणाला, “मग उरणार नाही. एखाद दिवशी मीच सोडीन घोडी, म्हणजे तुझी रोजची कटकट मिटेल.” हे ऐकून ती लेकीस काखेस मारून चावडीवर गेली आणि सखोपंतांस सर्व सांगितले. पंत म्हणाले, “बाई, बोलला ते वाईट बोलला. परंतु बोलणे म्हणजे हल्ला नव्हे, ऐसे कलम आहे. हात उगारला काय?” ती म्हणाली, “हातात टाप होती.” पंत म्हणाले, “मग नाही.” आणि ती परत आली.

मग आठ दिवसांनी पुन्हा बोलाचाल जाहली तेव्हा रायाजीने कानस उगारली, मारिली नाही. ती पुन्हा गेली. पंतांनी पुसिले, “तुमच्यात अंतर किती होते? कानस पोचली असती?” म्हणाली, “पोचली असती.” पंत म्हणाले, “भय वाटले?” म्हणाली, “वाटले.” पंतांनी पहिली पायरी लिहिली, आणि रायाजीस बोलावून समज दिली, आणि तो हसत घरी आला, म्हणाला, “पहिल्या पायरीस बसविले मला, चांगली जागा आहे, वारा लागतो.” मग आषाढाच्या आरंभी तो घोडी बांधीत असता ती आडवी उभी राहिली, त्याने लगामाच्या हाताने तीस बाजूस लोटिले, ती भिंतीस टेकली, लागले काही नाही. पंतांनी दुसरी पायरी लिहिली. तिने विचारिले, “पंत, तो एकेक पायरी चढतो आहे, आणि तुम्ही एकेक लिहिता आहा. वर जाऊ नये म्हणून काही कलम आहे?” सखोपंतांनी लेखणी खाली ठेविली आणि म्हणाले, “घडल्याचे कलम आहे, बाई. घडेल त्याचे मी शोधले, सापडले नाही. दार लावून घेत जा.”

आणि आषाढ वद्य सप्तमीस, दिवस उगवून दोन घटका जाहल्या असता, ठकी पाट सरकवून अंगणात गेली. दोरी सुटली की तुटली हे आवडेस पुढे कधी आठवले नाही, तिने सहस्र वेळा आठवून पाहिले. अबलख घोडी खुंटास होती आणि लेकरू तिच्या मागल्या पायांशी शेण चिवडीत बसले होते. आवडा धावली आणि वाकून लेकीस पोटाशी घेतले, तो घोडी बुजली आणि रायाजीच्या मांडीवरील टाप सुटली आणि अर्धे ठोकलेले काम वाया गेले, आणि रायाजीने हातातील लोखंडी नाल तशीच मुठीत धरून वाकलेल्या बाईच्या पाठीत घातली, एकदा, आणि पुन्हा एकदा. ती पडली, परंतु लेक अंगाखाली घेऊन पडली. लोक जमले आणि रायाजीस धरिले आणि कोतवालाने त्यास कोठडीत घातले.

सखोपंत स्वतः घरी आले, संगे वैद्य. शेजारची तानूमावशी, जिने आवडेचे बाळंतपण केले होते, तिने पदर सारून पाठ दाखविली. पाठीवर चंद्रकोरीसारखे दोन काळे वण, आणि वणांत खिळ्यांच्या छिद्रांचे ठिपके मोजून घ्यावेत ऐसे. पंतांनी सूत काढिले आणि परत ठेविले, कारण कातडे फाटले नव्हते, मोजावे काय? मग ते पाट घेऊन बसले आणि आठ प्रकार एकामागोमाग पाहू लागले. “पहिला पुरुषत्वाचा, तो तुम्हांस लागू नाही. डोळा शाबूत, कान शाबूत. अवयव तुटला नाही, सांध्याचे बळ गेले नाही. कायमची विद्रूपता…” तानूमावशी म्हणाली, “ही पाठ विद्रूप नाही तर काय नक्षी आहे?” पंत म्हणाले, “मस्तक अथवा मुख विद्रूप जाहले पाहिजे, कलमात पाठ नाही.” मग वैद्याने बरगड्या चाचपल्या, आवडेने ओठ चावला, वैद्य म्हणाले, “हाड मोडले नाही.” तानूमावशी म्हणाली, “देव पावला.” आवडा पंतांच्या मुद्रेकडे पाहत होती आणि तीस कळले होते की हाड मोडते तर बरे होते. आणि नाल हे हत्यार धरावे, तर पायरी चढेल, ऐसे पंतांनी सदरेस लिहिले, परंतु तिकडून उत्तर आले की, काळ्या घोड्याची नाल राजवाड्याच्या दारावर शुभ म्हणोन ठोकली आहे, तीस हत्यार म्हणता येत नाही.

राहिला आठवा प्रकार. तो ऐसा की, दुखणाऱ्यास वीस दिवसपर्यंत भारी वेदना होऊन त्याच्याने आपले नित्यकर्म न व्हावे. आणि नित्यकर्म कशास म्हणावे याचाही शास्त्र्यांनी निर्णय केला होता: शेतकऱ्याचे नांगर, दुकानदाराचे दुकान, आणि बाईमाणसाचे चूल. आणि लोक खोटी दुखणी काढून निजू लागले होते, म्हणोन सरकारांनी पहारा ठेविला. दुखणाऱ्याच्या घरासमोर शिपाई रोज सूर्योदयी येई, पुरुषाच्या दारी औत पाही आणि बाईच्या दारी धूर. घरातून धूर निघाला तर बाई उठून कामास लागली ऐसे समजून दिवस तेथे तुटे. पंत जाताना म्हणाले, “बाई, वीस दिवस चूल पेटवू नका, कोणी तुमच्यासाठी पेटवूही नये. एकविसाव्या सकाळी हा माणूस गडावर जातो आणि सात वर्षे उतरत नाही.” आवडेने लेकीकडे पाहिले आणि हिशेब केला की तोवर ही आठ वर्षांची होईल, परकर सावरून धावू लागेल, घोडी कोणती लाथाळ हे तिचे तीस कळेल. आणि म्हणाली, “वीसच ना, पंत. वर्षभर नाही पेटवणार.”

मग त्या ओळीतल्या बायांनी वार लावून घेतले. आज हिने भाकरी, उद्या तिने पेज, आणि ठकीचे न्हाणे तानूमावशीच्या चुलीवरील पाण्याने. आवडा कुशीवर निजे, उताणे निजता येत नसे, श्वास घेतला तरी कळ डोळ्यांपर्यंत जाई. तानूमावशी ताट पुढे ठेवून म्हणे, “जेवा राणीसाहेब. सुनेच्या जन्मात वीस दिवस आयते ताट कोणास मिळाले? रायाजी सुटला की मी त्यास सांगणार, बाबा, एक नाल माझ्याही पाठीत घाल, माझी सून मला पाणीसुद्धा देत नाही.” तेव्हा आवडा हसे आणि कळ उठून रडे. आणि सूर्योदयी गोमाजी शिपाई येई, पन्नाशीचा, वाकलेला माणूस, अंगणात उभा राहून कौलांकडे पाही आणि म्हणे, “आठ जाहले, बाई.” “नऊ जाहले, बाई.” बाराव्या दिवशी आत डोकावून म्हणाला, “पोरगी माझ्या काठीस हात लावते आहे, शिपाई होणार वाटते.” आवडा म्हणाली, “होऊ दे, दादा. काठी तिच्याच हातात असली तर बरे.” पंधरा सुखरूप गेले. आवडेने सर्व बाजूंनी विचार केला होता. पाऊस लागेल, पाहुणा येईल, मावशीस ताप येईल, या सर्वांची तिने मनाशी तजवीज केली होती. एक पंचांग तेवढे उघडून पाहिले नाही.

सोळावा दिवस श्रावण शुद्ध सप्तमी. त्या दिवशी शीतळासप्तमी, आणि त्या राज्यात त्या दिवशी कोणाच्याही घरी चूल पेटत नसे. आदले दिवशीचे शिळे खावे, चूल सारवून तिची पूजा करावी, कारण शीतळा लेकरांस राखते, तीस थंडावा प्रिय, आणि त्या दिवशी जी विस्तव करील तिच्या लेकरावर देवी कोपते, ऐसा सर्वांचा भाव. सरकारी मुदपाकखाना थंड, लोहारांच्या भट्ट्या थंड, रायाजी कोठडीत म्हणोन त्याची भट्टी तर केव्हाचीच थंड. आणि त्याच पहाटे ठकी कण्हू लागली. पोट नगाऱ्यासारखे फुगले, हातपाय गार पडले, ओठांवर निळसर झाक आली, आणि रडता रडता ती रडेनाशी जाहली, त्याने आवडा उठून बसली. तिने लेकीस उराशी धरून ऊब दिली, चोळले, पदरात गुंडाळले, उपयोग नाही. भिंतीवर थाप मारून तानूमावशीस बोलाविले. मावशीने पोटास हात लावला आणि म्हणाली, “शेकले पाहिजे. आणि ओव्याचे कढत पाणी पोटात गेले पाहिजे. आताच्या आता.” आवडा म्हणाली, “मावशी, विस्तव द्या.” मावशीचे तोंड उतरले. म्हणाली, “आज कोणाकडे आहे विस्तव? आवडे, माझ्या घरात चार नातवंडे आहेत ग. शीतळेच्या दिवशी माझ्या चुलीत कसा घालू?” आवडा दुसऱ्या दारी गेली, तेथेही तेच, बाया वाईट नव्हत्या, सोळा दिवस त्यांनीच जगविले होते, परंतु सर्वांच्या घरी लेकरे होती आणि आपापल्या लेकरास सर्व भीत होत्या.

मग आवडा आपल्या चुलीपाशी बसली. चूल सोळा दिवसांची गार, तीवर मावशीनेच आदले दिवशी तिच्या नावाने हळदीकुंकू वाहिले होते. ती हळदीकुंकवाकडे पाहत राहिली आणि पाठीतली कळ आवळून म्हणाली, “तुला जे कोपायचे ते माझ्यावर कोप.” आणि चकमक झाडली. सरपण श्रावणातले, ओले. पेटेना, नुसते धुमसले, आणि धूर कौलांतून निघून अंगणावर उभा राहिला. सबंध राजधानीत तो एकच धूर. इतर दिवशी शंभर धुरांत एक मिसळून जाता.

आणि सूर्योदय जाहला आणि गोमाजी शिपाई आला. त्याने धूर पाहिला, आत पाहिले, आणि सर्व उमजला. त्याने इकडेतिकडे पाहिले, अंगणात कोणी नव्हते. हळूच म्हणाला, “बाई, पाणी ओत. विझव. मी पाठ फिरवून उभा राहतो, धूर निवळेस्तोवर वळत नाही. मी पाहिले नाही तर निघाला नाही.” आवडेने तांब्यातल्या पाण्याकडे पाहिले, त्यावर नुकत्या वाफेच्या रेघा येत होत्या. म्हणाली, “तापू द्या, दादा.” गोमाजी म्हणाला, “चारच दिवस राहिले ग, पोरी. तो सुटेल.” ती म्हणाली, “ठाऊक आहे. अजून कोमटच आहे. तापू द्या.” गोमाजी पाठ फिरवून उभा राहिला आणि कौलांवर धूर वाढत गेला, आणि तो वळला नाही. तो पागेकडील दोन मोतद्दार घोडी पाण्यावर नेत तिकडून निघाले, आणि एक दुसऱ्यास म्हणाला, “शीतळेच्या दिवशी धूर? कोण ही धर्म बुडवी?” आणि दुसरा म्हणाला, “अरे, ही तर रायाजीची फिर्यादी. उठली वाटते, बरी जाहली,” आणि मोठ्याने हसला. तेव्हा गोमाजीने मान खाली घातली आणि वळला, आणि म्हणाला, “सोळा, बाई.” पाणी तापले होते. आवडेने लेकीचे पोट शेकले आणि ओव्याचे पाणी पाजले आणि दोन घटकांनी ठकीस वारा सरला आणि ती घाम येऊन निजली. आणि दुसरे दिवशी आवडेच्याने उठवले नाही, तिसरेही नाही, पुढे एक महिना ती नीट वाकू शकली नाही, परंतु दिवस सोळावर तुटला तो तुटला.

भाद्रपदात सदरेस खटल्याची मनसुबी जाहली. न्यायाधीश वृद्ध, विद्वान, मनाने दुष्ट नव्हते. सखोपंत उभे राहिले, ते आपल्या हुद्द्याबाहेर जाऊन भांडले. म्हणाले, “महाराज, नित्यकर्म म्हणजे जे नित्य करावयाचे ते. शीतळासप्तमीस चूल न पेटविणे हेच या राज्यातील बाईचे नित्यकर्म. या बाईने त्या दिवशी चूल पेटविली, ते नित्यकर्म नव्हे, ते संकट. तेव्हा त्या धुराने दिवस तुटत नाही.” आवडा खांबाआड लेकीस घेऊन बसली होती, ती पुढे सरकली. न्यायाधीशांसही ते बोलणे पटतेसे दिसले, तो पागादार उठून म्हणाला, “दसऱ्यास मोहीम निघणार, तीनशे घोडी बिननाल उभी आहेत. सदरेने काय ते लौकर ठरवावे, इतकीच अर्जी.” मग न्यायाधीश डोळे मिटून म्हणाले, “जखमनवीस, आपले म्हणणे सूक्ष्म आहे. परंतु दुसरी बाजू पाहा. ज्या दिवशी धडधाकट बाया देवीच्या धाकाने चूल पेटवीत नाहीत, त्या दिवशीही हिने उठून पेटविली. मग ही अशक्त कशी म्हणावी? ही तर सर्वांहून सशक्त.” आणि विचारिले, “बाई, तुला काही सांगणे?” आवडा उभी राहिली. म्हणाली, “महाराज, मी उठले ते दुखत नव्हते म्हणून नाही.” न्यायाधीश म्हणाले, “कलमात उठलीस काय इतकेच आहे. दुखत असता उठलीस काय, ऐसे नाही.” आणि तिसरी पायरी लिहिली, साधी दुखापत, दोन महिने, आणि कोठडीत गेलेले दिवस त्यांत वजा.

दसऱ्यापूर्वी रायाजी घरी आला आणि त्याच खुंटास घोडी बांधली. त्याने आवडेस पुन्हा मारिले नाही, हे लिहिले पाहिजे. तो शहाणा जाहला होता, त्यास आता सर्व पायऱ्या पाठ होत्या. तो नुसता, ती दारात आली की, हातोड्याचा हात वर नेई आणि कपाळाचा घाम पुशी, आणि म्हणे, “भ्यालीस काय? घाम पुसला. घामाचे कलम काढले काय सरकारने?” आवडा ते चावडीवर सांगे आणि पंत लिहून घेत, आणि मारावयाचा इरादा शाबीत नाही म्हणोन कागद परत येई. हिरोजी मोहिमेवरून परतला, सर्व ऐकून घर बदलावयाचा अर्ज केला, ओळीत दुसरे घर रिकामे नाही ऐसे उत्तर आले, आणि पुढल्या दसऱ्यास तो पुन्हा तंबूंबरोबर गेला. ठकी त्या अंगणात चालावयास शिकली, बोलावयास शिकली. आईच्या पदरास धरून उभी राहून ती तो हात वर जाताना पाही, दिवसातून कितीक वेळा, आणि हात वर गेला की आईचा पदर ताणला जातो हेही पाही.

ऐसी पाच वर्षे गेली. शके सतराशे सतरा, नवरात्राच्या आरंभी पेठेत दवंडी पिटली की, सरकारांनी कृपाळू होऊन आठव्या प्रकारची मुदत उणी केली आहे, वीसचे पंधरा दिवस केले आहेत. गोमाजी, चाकरीतून सुटलेला, काठी टेकीत मुद्दाम आवडेच्या दारी आला आणि उंबऱ्यावर बसून म्हणाला, “सखोपंतांनी केले हे. पाच वर्षे दर साल अर्ज लिहीत होता म्हातारा. अर्जात दर साली तुझ्या धुराची हकीकत.” आवडा खोगीर शिवीत होती. सुई थांबली. तिने मनात मोजले, आणि मोजावयाचे काही नव्हते तरी पुन्हा मोजले. म्हणाली, “मी सोळाव्या दिवशी पेटवली होती, दादा.” गोमाजी म्हणाला, “होय.” म्हणाली, “म्हणजे माझे पंधरा भरले होते.” तो म्हणाला, “भरले होते, बाई. मीच मोजले ना.” तिने भिंतीकडे पाहिले, पलीकडे हातोडा वाजत होता. म्हणाली, “मग आता?” गोमाजीने काठीने जमिनीवर रेघ ओढली आणि पुसली. म्हणाला, “पुढच्यांस. मागले पुन्हा मोजीत नाहीत.” ती म्हणाली, “पंतांस माझा नमस्कार सांगा. पुढच्या कोणा बाईचे पाणी तापेल.” आणि शिवू लागली.

अष्टमीस ओळीतल्या सर्व बाया लेकरे घेऊन अष्टभुजेच्या देवळात गेल्या. तेथे चाल ऐशी की लेकरांस देवीच्या अगदी पायाशी, वरच्या पायरीवर बसवितात, आणि ती आठ उगारलेल्या हातांखाली प्रसादाचे खोबरे खातात आणि एकमेकांच्या हातचे हिसकतात. तानूमावशीची नातवंडे चढून बसली. आवडेने ठकीचा परकर झटकला आणि म्हणाली, “जा, वर बैस.” ठकी एक पायरी चढली, दुसरी चढली, तिसरी चढली, आणि चौथीवर पाय ठेवून तिने वर पाहिले. आणि त्या जागी, जेथे आजवर कोणी लेकरू भ्याले नाही, ती खाली बसली, आणि कोणी काही न म्हणता तिने आपला कोपर डोक्यावर आडवा धरिला. बाया हसल्या. मावशी म्हणाली, “अग वेडे, ती आई आहे.” ठकीने कोपर काढिला नाही. आवडा वर गेली आणि लेकीपाशी बसली, आणि तो हात सोडवून खाली आणावयास तीस बराच वेळ लागला.

इतके वर्तमान ऐकिले तैसे लिहिले. हल्ला, बळ, साधी दुखापत, जबर दुखापत, या चार पायऱ्या दफ्तरी आहेत आणि त्यांचे कागद सुताने बांधलेले शाबूत आहेत. ठकीच्या कोपराचा कागद दफ्तरी नाही, सबब तो येथे ठेविला आहे. मर्यादेयं विराजते.